कौतिकनानांचा पाट

साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी, कौतिकनानांनी चाळीस वर्षं पाटकरी म्हणून काढली. बंधाऱ्याचं पाणी पाटाच्या कोणत्या तोंडातून, कोणत्या फडाला, म्हणजे शेतांच्या पट्ट्याला, कोणत्या वारी, किती वेळ द्यायचं हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. नव्वद साली त्यांची बायको वारली, आणि मुलगा रुपचंद त्यांना धुळ्याला आपल्या दोन खोल्यांत घेऊन आला.

धुळ्यात नानांना कामच नव्हतं. दिवसभर दाराशी खुर्ची, तोंडात तंबाखू, दुपारी तीन-तीन तास झोप. सहा महिन्यांत माणूस बसल्या जागी आटला. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून येताना घर चुकले. एकदा सुनेलाच विचारून बसले, "तू कोनी पोर शे?"

"वय झालं त्यांचं," रुपचंद म्हणाला.

सून कुंदाबाईला हे पटेना. लग्न ठरवायला आले तेव्हा ह्याच माणसानं तिच्या बापाच्या विहिरीत नुसतं डोकावून किती परस खोल पाणी आहे ते सांगितलं होतं. तिनं त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला, तो वाढलेला होता. गोळी लिहून देत त्या म्हणाल्या, "सगळं परत येईल असं मी सांगत नाही. पण तंबाखू सोडवा, मीठ कमी करा, डाळ-पालेभाजी द्या, दुपारची झोप आवरा, रोज तासभर चालवा. आणि डोक्याला काम द्या. चार माणसांत बसू द्या."

कुंदाबाईनं तंबाखूची चंची उचलली आणि तिच्या जागी बडीशेप ठेवली. नाना तीन दिवस घरभर चंची शोधत फिरले. चौथ्या दिवशी ती पहाटेच चपला घालून दारात उभी राहिली. "चला नाना, नदीपर्यंत जाऊन येऊ."

पहिल्या दिवशी ते वाटेवरच्या पिंपळापर्यंतच गेले. सून सासऱ्याला घेऊन हिंडते म्हणून गल्लीतल्या बाया कुजबुजल्या. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि चालत राहिली. महिनाभरात नदी गाठली. तिथे तिला सुचलं, आणि तिनं विचारलं, "नाना, बंधाऱ्यापासून पहिलं तोंड कोणाच्या शेताला?"

नाना थबकले.  "भिकनना मळा," ते म्हणाले. "त्याना पुढे चिंचेना फड."

त्या दिवसापासून रोज तोंडं मोजत चालणं सुरू झालं. कोणाचं तोंड, कुठल्या खुणेपासून किती पावलं, हे बोटं दुमडत नाना सांगत, ती ऐकत जाई. परतताना शेजारचा इसाक पिंजारी चहाला थांबवी, अन् दोघे म्हातारे जुन्या पुरांवरून वाद घालत. घराचा रस्ता नाना आता चुकत नव्हते. सकाळी काय खाल्लं ते अजून विसरायचे, पण सुनेला नावानं हाक मारायचे.

दुसऱ्या पावसाळ्यात गावाकडून सुकदेव पाटलांचा निरोप आला. पुरानं पाट गाळानं बुजला होता, अर्धी तोंडं गडप झाली होती. पाण्याच्या पाळ्यांची वही चावडीत भिजून लगदा झाली होती, आणि कोणाचं तोंड कुठे यावरून गावात रोज भांडण. ओव्हरसियर नकाशा घेऊन आला होता, पण त्यात तोंडं दाखवलेली नव्हती.

रुपचंदला कामावर सुट्टी मिळाली नाही. कुंदाबाई नानांना घेऊन एस.टी.नं गेली.

साऱ्या गावासमोर नाना बंधाऱ्यावर उभे राहिले आणि चालू लागले. पावलं टाकत ते काठी रोवत, माणसं तिथे खणत, आणि गाळाखालून दगडी तोंड निघे. पहिलं, दुसरं, सातवं. ओव्हरसियर नकाशावर खुणा करत मागे धावत होता. दोन मैल झाले तरी नानांना दम लागला नव्हता.

अकराव्या तोंडापाशी ते थांबले. काठी हवेतच राहिली. कपाळाला आठी पडली. "आते कोठे..." ते पुटपुटले.

गर्दीतून कोणीतरी हसलं.  कुंदाबाई पुढे झाली आणि भरल्या चावडीत बोलावं तशी मोठ्यानं म्हणाली, "नाना, मोहाच्या खोडापासून चाळीस पावलं. ताईबाईचा फड."

नानांनी चाळीस पावलं मोजली. खणलं, तर दगड लागला.

"हे तुमाले कसं माहीत, वहिनी?" सुकदेव पाटलांनी विचारलं.

उत्तर नानांनीच दिलं. "मनी सून शे ती. बठ्ठा पाट तिले पाठ शे."

 गाळ उपसून शेवटच्या, सतराव्या तोंडाला पाणी सोडलं तेव्हा सुकदेव पाटलांनी नानांना फेटा बांधला. नानांनी दुसरा फेटाही मागून घेतला आणि सुनेच्या हातात दिला.

महिन्यातून दोनदा येऊन नव्या पाटकऱ्याला पाट दाखवायचा, असं ठरलं. नानांनी पायीच फिरण्याची अट घातली, "चालीसनच दाखाडसु." कुंदाबाईनं हसून सगळ्यांसमोर होकार दिला.