भिंतीवर आदळलेला डावा बूट

मी डाव्या पायाचा बूट बोलतोय. उजवा शेजारीच आहे, पण तो पहिल्यापासून तोंडाचा मुका. आणि बोलेल तरी काय? भिंतीवर फेकला गेलो तो मी. तो नाही.

आम्हा बुटांना जीभ असते, ठाऊक आहे ना? लेसच्या खाली चामड्याची पट्टी असते, तिला जीभच म्हणतात. तर ती जीभ मी आज पहिल्यांदा वापरतोय. गोड बोलता येत नाही मला. ज्याच्या पायात आयुष्य गेलं त्याचाच स्वभाव लागलाय. भडकू आणि सरळ.

मालक लाकडाच्या वखारीत कामाला. मोठ्या करवतीपुढं उभं राहायचं, ओंडका सरकवायचा, फळी निघाली की ओढायची. पायावर ओंडका पडून एकाची बोटं गेली, तेव्हा वखारवाल्यानं सगळ्यांना जाड बूट घेऊन दिले. त्यातला मी. पुढं लोखंडी टोपी, खाली दोन बोटं जाड तळवा. भुसा माझ्या शिवणीत इतका शिरलाय की झटकला तर अजून निघेल.

करवतीच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचं. दिवसभर ओरडून याचा आवाज चढला तो चढलाच. घरी आला तरी "पाणी दे" असं म्हणायचा की शेजारचं कुत्रं उठून बसायचं. बायको मात्र हळू बोलायची. इतकी हळू, की तिचं बोलणं कळायला माणसाला हातातलं काम थांबवावं लागायचं. आणि हा कशाला थांबतोय?

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. त्या दिवशी करवतीचं पातं तुटलं होतं आणि सगळं खापर याच्यावर फुटलं होतं. हा उंबऱ्यात बसून लेस सोडत होता. उजवा निघाला. मी निघेना, गाठ बसली होती. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, पण तांब्या देईना. नुसती उभी.

"अहो," ती म्हणाली, "मला ना, इथं छातीत गाठ लागतेय हाताला. सुपारीएवढी."

तेवढ्यात मी निघालो. याच्या हातात आलो. आणि यानं मला समोरच्या भिंतीवर फेकलं.

"आल्या आल्या तुझं काहीतरी असतंच! माणसाला दोन घास खाऊ दे की आधी!"

भिंतीचा पोपडा पडला. बायकोपासून मी हातभर लांब पडलो होतो. तिनं तांब्या ठेवला, मला उचललं, पुसलं आणि उजव्याच्या शेजारी नीट लावून ठेवलं. मग वाढायला गेली.

त्यानंतर आठ महिने तिनं तो विषय काढला नाही.

माणसांची एक खोड मला कळत नाही. आमच्यासमोर काहीही बोलतात, काहीही करतात. बुटाला काय कळतंय म्हणून. मला सगळं कळत होतं. ती केर काढताना डावा हात अंगाशी धरायची. कपड्यांची बादली उजव्या हातानंच उचलायची. हा बघत नव्हता असं नाही. बघायचा, आणि मला पायात घालून वखारीला निघून जायचा.

आठ महिन्यांनी गावातल्या शाळेत बायकांच्या तपासणीला एक नर्स आली. तिनं हात लावला आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एवढे दिवस का थांबलात?"

बायको काही बोलायच्या आधीच हा गरजला, "मला सांगायला काय झालं होतं गं तुला? मी काय मेलो होतो?"

टेबलाखाली मी होतो. माझ्यासमोर तिच्या चपला होत्या. त्यातली बोटं आत वळली, एवढंच. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं. बाहेर बाकावर बसून यानं बोट ठेवून ठेवून ते वाचलं: "रुग्णाने आठ महिने दुखणे घरच्यांपासून लपवले." एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग कागद घडी करून खिशात.

त्या दिवसापासून जो भेटेल त्याला हा सांगायचा, "सांगितलंच नाही तिनं. लपवलं." गावात तर दुखण्याचं नावही खोटं. पाठीचं आहे म्हणायचा. छाती हा शब्द याच्या तोंडातून निघेना. एरवी तोंडाला टाळं नसलेला माणूस!

ऑपरेशन झालं. औषधं झाली. केस गेले, थोडे परत आले. बरी झाल्यासारखी वाटली. दवाखान्यातर्फे दरवर्षी एक चालणं असतं, याच आजारासाठी. संध्याकाळी दवाखान्याच्या मैदानातून निघायचं, रात्रभर चालायचं, शहराला वळसा घालून उजाडताना परत तिथंच. लोक मदत देतात, त्यातून गरीब बायकांची तपासणी होते. गेल्या वर्षी तिनं नाव दिलं. कापडी बूट घेतले. हा काही गेला नाही. "रात्री भुतासारखं फिरायचं नि त्यानं आजार पळतो होय?" म्हणाला.

सकाळी ते कापडी बूट माझ्या शेजारी येऊन पडले, धुळीनं माखलेले. "पुलापर्यंत गेलो," म्हणाले. "तिथं बसलीच ती. मग गाडीनं आणलं."

यंदा आजार परत आला. हाडात. वॉर्डात दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची खाट मिळाली. खिडकीतून ते मैदान दिसायचं, मांडव घालत होते.

"माझं अर्धं राहिलंय," ती म्हणाली. "तुम्ही चालता का?"

"मला काय धंदे नाहीत?"

"अर्धंच हो. अर्धं मी चाललेय."

हा तणतणत जिना उतरला. गेटपर्यंत गेला. तिथं थांबून मला जमिनीवर दोनदा आपटलं, आणि वळून मैदानात गेला.

नोंदणीच्या टेबलावर एक कॉलेजातली मुलगी होती. पाठीवर लावायचं कापड होतं, त्यावर छापलेलं: "मी चालतोय", मग मोकळी जागा, मग "साठी".

"कोणासाठी, काका?"

हा घुटमळला. बायकोचं नाव घ्यायची सवय नाही. आयुष्यभर "अगं" वर भागवलं. शेवटी पुटपुटला, "मंडळी."

पोरीनं ठळक अक्षरात लिहिलं: मंडळींसाठी. आणि पाठीवर टाचलं.

झालं! मागून येणारा जो तो वाचतोय. "वा काका, सगळ्या मंडळींसाठी का?" एक पोरगा ओरडला, "काका निवडणुकीला उभे राहताय की काय?" सगळे हसले. हा असा तापला की माझ्यातले पाय गरम झाले. पण कापड पाठीवर, काढायला हात पोचेना.

निघायच्या आधी डॉक्टरीणबाई माईकवर बोलल्या. "बायका दुखणं लपवतात. लपवू नका. घरी सांगा. ज्यांनी वेळेवर सांगितलं, त्या आज इथं आहेत." टाळ्या पडल्या. यानं टाळी वाजवली नाही. मला बाजूच्या दगडावर घासत राहिला.

मग चालणं. तीन-चारशे माणसं असतील, बायका जास्त. पहिल्या तासाला गाणी, गप्पा. बंद दुकानं, दिव्याचे खांब, बसथांब्यावर झोपलेली माणसं. मग हळूहळू तोंडं मिटली आणि नुसते पाय वाजायला लागले. मी चालायचा बूट नाही हो. मी उभं राहायचा बूट. मध्यरात्रीपर्यंत याच्या टाचेला फोड आला, तो फुटला, मोजा चिकटला. मी चावत होतो आणि मला थांबता येत नव्हतं. बुटानं थांबायचं तर फाटावं लागतं.

पुलावर तेच झालं. तळवा पुढून सुटला आणि मी तोंड वासलं. पावलागणिक फटक, फटक. गेल्या वर्षी ती बसली ती हीच जागा. कठड्याजवळ दगडी ओटा आहे.

हा त्या ओट्यावर बसला. मागून एक बाई आली, याच्याच वयाची, जाडजूड. शिवणकाम करायची, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच राहिली होती.

"भाऊ, मागं गाडी येतेय. बसा तिच्यात."

"गाडीत बसायला आलो नाही मी."

"बरं बाबा, खेकसू नका. मी काय केलंय तुमचं?" ती शेजारी टेकली. पाठीवरचं वाचून हसली. "मंडळी म्हणजे घरचीच ना?"

"मग काय सभेची?"

"त्या पोरींना काय कळतंय! कुठं आहेत त्या?"

"वॉर्डात." मग ठरलेलं वाक्य आलंच. "सांगितलंच नाही तिनं. लपवलं."

"मीही लपवलं होतं," शिंपीणबाई म्हणाली. "सहा वर्षं झाली. सांगायची लाज वाटायची. एक दिवस आमचे म्हणाले, तू हल्ली कात्री टेबलावर टेकवून का चालवतेस? एवढंच विचारलं. पण खाली बसून विचारलं, नि उत्तर येईपर्यंत उठले नाहीत. मग निघालं तोंडातून."

हा खाली वाकून माझ्या फाटलेल्या तोंडात बोट घालून बसला. माझ्या जिभेवर एक थेंब पडला. पाऊस नव्हता.

मग यानं उजव्याची लेस ओढून काढली आणि त्याच लेसनं मला आवळून बांधलं. गाठीवर गाठ मारली. उजव्यानं जन्मात माझ्यासाठी एवढंच केलं. पण केलं.

"चला," शिंपीणबाई म्हणाली. "इथून पुढचं त्यांचं राहिलेलं."

उजाडताना मैदानात पोचलो. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, कोणी फोटो काढत होते. हा सरळ जिन्याकडं. वॉर्डाच्या दारात नर्स आडवी आली.

"काका, बूट बाहेर!"

"गाठ सुटत नाही, बाई! कापू का पाय?"

ती बाजूला झाली. म्हणून मी आत गेलो, म्हणून हे सांगू शकतो.

ती जागीच होती. उशीला टेकून खिडकीकडं बघत होती.

"झालं?"

"झालं."

"अख्खं?"

"अख्खं."

हा पाणी घ्यायला वळला तेव्हा तिनं पाठ वाचली. "मंडळींसाठी? अहो, मी एकटीच आहे की." आणि हसली. हसताना हाडं दुखली, ते चेहऱ्यावर दिसलं.

हा स्टुलावर बसला. मग काहीतरी बोलला. इतकं हळू, की तिलाच विचारावं लागलं, "काय?"

"तू सांगितलं होतंस. त्या संध्याकाळी. मी ऐकलं होतं."

तिनं याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "बूट तुमच्या हातात होता. कानात नव्हता."

यानं मला स्टुलाखाली ओढून घेतलं.

"हे मला कशाला सांगताय? त्या कागदावर मी लबाड आहे. तिथं सांगा."

आणि तिनं तोंड भिंतीकडं केलं.

नवाच्या सुमाराला डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. आठ खाटा, आठ घरची माणसं, नर्सा. हा उठला आणि त्या करवतीच्या आवाजात बोलला, सगळा वॉर्ड दचकला.

"डॉक्टर, हिनं लपवलं नव्हतं! छातीत गाठ आहे म्हणून पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. मी बूट फेकून मारला. ते कागदावरचं खोडा."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. "काका, आता त्यानं औषधात फरक पडणार नाही."

"औषधात नको पडू दे. खोडा."

त्यांनी फायलीतली त्या जुन्या कागदाची प्रत शोधली, ओळ खोडली, वर लिहिलं. यानं बोट ठेवून, अडखळत, मोठ्यानं वाचलं: "रुग्णाने पहिल्या दिवशीच नवऱ्याला सांगितले होते." खाली तिचं नाव होतं. तेही वाचलं. इतक्या वर्षांत तिचं नाव मी याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ते मी इथं सांगणार नाही. ते त्या दोघांचं.

तिनं भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. फक्त हात मागं केला. यानं तो धरला.

माफ केलं का? मला ठाऊक नाही. मी बूट आहे. अकरा दिवसांनी ती गेली.

आता मी दाराजवळच्या फळीवर असतो. तळवा गेलाय, कापून काढलेली लेस गाठीसकट तशीच आहे. एका बाजूला उजवा, एका बाजूला तिचे कापडी बूट. वखारीला जायला यानं नवे बूट घेतलेत. भिंतीचा पोपडा भरून घेतला नाही. गवंडी आला होता, त्याला हाकलून दिलं.

संध्याकाळी हा येतो. उंबऱ्यात बसतो. लेस सोडतो आणि नवे बूट एकेक करून दोन्ही हातांनी खाली ठेवतो. जरासुद्धा आवाज न करता. मग तसाच बसून राहतो, कान देऊन. घरात बोलायला कोणी नाही.

माझं सांगून संपलं. जिभेचं कामही संपलं. एकच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी हळू आवाजात काही सांगायला आलं, तर हातात बूट असो नाहीतर आणखी काही असो, ते आधी खाली ठेवा. आणि सांगणारी गप्प होईपर्यंत उठू नका.