गिनी कोंबडी आणि दाढीचा आरसा

मी एक म्हातारी गिनी कोंबडी आहे. मित्रांनो, राखाडी अंगभर पांढरे ठिपके आणि डोकं मात्र टकलं, असं माझं रूप. डोक्याशी येता येता देवाकडचं कापड संपलं असावं. आवाज देताना मात्र त्याने मुळीच हात आखडला नाही, आणि माझी सगळी कहाणी त्या आवाजापायीच घडली.

भांडुपच्या डोंगरउतारावर एका बैठ्या चाळीत माझा जन्म झाला. गिरण्यांचा संप होऊन गेल्यानंतरची ती वर्षं. चाळीत बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली. त्यांतल्या सुगंधाताईंनी दारात कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांचा भाऊ जयवंत आरे कॉलनीच्या बाजूला एका पोल्ट्रीत कामाला होता. त्याने तिथून गिनीची तीन अंडी कोंड्यात घालून आणली. सुगंधाताईंनी ती खुडूक कोंबडीखाली सरकवली, तिच्या स्वतःच्या अंड्यांबरोबरच. तिथेच घोटाळा झाला. आमच्या अंड्यांना आठवडाभर जास्त ऊब लागते. कोंबडीची पिल्लं निघाली, ती त्यांना घेऊन चालती झाली आणि आम्ही तिघं थंड पडू लागलो.

मग सुगंधाताईंनी आम्हाला माकडटोपीत गुंडाळून स्टोव्हपाशी ठेवलं, तांदूळ निवडताना ओटीत घेतलं. दोन अंडी वाया गेलीच. मी तेवढी निघाले. डोळे उघडले तेव्हा समोर त्यांचा चेहरा होता, आणि हीच आपली आई असं मी ठरवून टाकलं.

मोठी झाल्यावर मी खाल्ल्या अन्नाला जागले. दाणे थोडेच मागायचे, बाकी पोट मुंग्या, वाळवी, झुरळं यांच्यावर भरायचे. डोंगरावरून उतरलेला साप विटांच्या ढिगात शिरताना मलाच आधी दिसला. मी अशी काही बोंब ठोकली की काठ्या घेऊन चाळ गोळा झाली. त्यानंतर काही दिवस ज्याच्या त्याच्या तोंडी माझंच कौतुक होतं.

पण मित्रांनो, खरं सांगायला हवं. मी सापाला पाहून ओरडायचे, तशी नव्या छत्रीला पाहूनही ओरडायचे. पोस्टमन, फुगेवाला, वाळत घातलेली गोधडी, मला कशाचंही वावडं नव्हतं. मी पत्र्यावर चढून नाचायचे. अंडी कुठल्या झुडपात घालायचे ते माझं मलाही आठवायचं नाही. आणि शेजारच्या खोलीत धोंडिरामभाऊ राहत. कारखान्यात रातपाळीचे वॉचमन. बिचारे सकाळी येऊन डोळे मिटायचे आणि वर पत्र्यावर माझं कटर-कटर सुरू व्हायचं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्यांची गत झाली.

शेवटी ते तांबारलेल्या डोळ्यांनी दारात आले. "वहिनी, तुमचे गणपती होऊ द्या," ते म्हणाले. "मग मात्र हिची काहीतरी सोय लावा. ड्युटीवर डोळा लागला तर माझी नोकरी जाईल."

सोय म्हणजे काय, ते सुगंधाताईंना कळलं. कापा, रस्सा करा, असं चाळीतले दोघंतिघं हसत म्हणालेच होते. 

गणपती आले आणि शिरस्त्याप्रमाणे चाळीने कुलपं लावून कोकणची वाट धरली. कोंबड्या जयवंतने नेल्या. मी मात्र त्याच्या हाती लागले नाही, आंब्याच्या शेंड्यावर जाऊन बसले. मागे राहिलं एकच बिऱ्हाड. धोंडिरामभाऊ मूळचे घाटावरचे, बौद्ध, त्यांना काही गणपतीला गावी जायचं नव्हतं. सुगंधाताईंनी जड मनाने त्यांच्या बायकोच्या, द्रौपदीबाईंच्या हातात दाण्याचा डबा दिला. ज्याची झोप मी उडवली, त्याच्याच ओट्यावर आता माझा मुक्काम होता.

सुगंधाताई दिसेनात, कोंबड्याही नाहीत. मी बंद दारांपुढून धावत सुटले आणि घसा फुटेस्तोवर ओरडले. छत्री नव्हती, साप नव्हता, तरी ओरडले. धोंडिरामभाऊंनी कानात कापूस घातला, वर उशी घेतली, काही उपयोग झाला नाही.

एका सकाळी ते ओट्यावर दाढी करत होते. आरसा पायरीला टेकवून गरम पाणी आणायला आत गेले. मी तिथून धावले आणि थबकले. समोर माझ्यासारखीच एक उभी होती. ठिपके तेच, टक्कल तेच. असं कुणी जगात असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी गप्प झाले.

अर्ध्या तोंडाला साबण लावलेले धोंडिरामभाऊ दारातच थांबले. हळूच त्यांनी बायकोला बोलावलं.

"वराडत नव्हती ती," द्रौपदीबाई म्हणाल्या. "हाका मारत होती. समदी चाळ गावाला गेली की मलाबी असंच होतं."

आरसा तिथेच राहिला. धोंडिरामभाऊ पोटभर झोपू लागले आणि चाचपून दाढी करू लागले.

सुगंधाताई परतल्या तेव्हा मी आरशापुढे बसले होते. धोंडिरामभाऊंच्या गालावर कापल्याच्या दोन खुणा होत्या. सगळी हकीकत ऐकून त्या खाली बसल्या. मी धावत त्यांच्या मांडीशी गेले, आणि पुन्हा आरशाकडे गेले. त्यांचे डोळे भरून आले.

"मला वाटायचं, मी आहे की हिला," त्या म्हणाल्या.

चाळीत गिनींचा थवा पाळणं शक्य नव्हतं. मला जयवंतच्या पोल्ट्रीत न्यायचं ठरलं. मी रात्री ज्या टोपलीत झोपायचे ते डालगं उचलायला सुगंधाताईंचे हात धजेनात, तेव्हा ते धोंडिरामभाऊंनी उचललं.

पोल्ट्रीत माझ्यासारख्या ढीगभर होत्या. मी कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिले. दिवेलागणीला सगळ्या चिंचेवर चढल्या. मी खालीच डालग्याची वाट पाहत राहिले आणि सवयीने हाक मारली. वरून कुणीतरी ओ दिली. मित्रांनो, आरशातलीने मला कधी ओ दिली नव्हती.

सुगंधाताई अजून येतात. सोबत द्रौपदीबाईंच्या गावची मूठभर ज्वारी असते. सगळ्या मिळून कितीही कालवा केला तरी त्यांना माझा आवाज बरोबर ओळखू येतो.

आम्हाला पाळायचं तर जरूर पाळा. आम्ही वाळवी वेचू, सापाची वर्दी देऊ. आधी जागा पाहा, शेजाऱ्याची झोपही पाहा. पण एकटीला नेऊ नका. तुम्ही कितीही माया लावलीत, तरी आमच्या हाकेला आमच्या बोलीत ओ देणारं कुणीतरी लागतं.