कपाटातलं कुसाकारी

गाद्यांच्या कपाटाचा वरचा खण तोकुजीने बळकावला त्याला आठ महिने झाले होते, आणि आठही महिने हिसानो नवऱ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होती. घर दोन खोल्यांचं, चौथ्या मजल्यावर. सकाळी गाद्या गुंडाळून ठेवायला हक्काची जागा ती एकच. ती गेली आणि गाद्यांचा ढीग टीव्हीशेजारी आला. कुणी आलं की त्यावर चादर टाकायची आणि हसून वेळ मारून न्यायची. कशासाठी, तर सत्तरी उलटलेल्या माणसाला आगगाडी खेळायचीय म्हणून.

खेळ म्हटलेलं त्याला खपत नसे. डोंगरातल्या छोट्या रेल्वेमार्गावर अडतीस वर्षं नोकरी केलेला माणूस. पुढे तो मार्ग बंद पडला, रूळसुद्धा उखडून नेले. आता त्या मार्गावरचं कुसाकारी स्टेशन दीडशेपट लहान करून तो खणात बसवत होता. लांबी एक मीटर सत्तर, रुंदी पंचाहत्तर सेंटिमीटर, आणि त्यात अख्खं गाव.

हिसानोचं माहेरही कुसाकारीच. फाटकाला लागून तिच्या वडिलांचं तोफूचं दुकान होतं. पन्नास वर्षांपूर्वी रेल्वेला लाकूड वाहणाऱ्या मालडब्यांसाठी जादा रूळ टाकायचा होता, त्यात ते पाडलं. वडील तालुक्याला भाड्याच्या खोलीत गेले आणि दोन वर्षांत संपले. दुकानाचा साधा फोटोही उरला नव्हता. ते कपाटातल्या गावात एकदा बघायला मिळालं तर गाद्या जन्मभर बाहेर राहिल्या तरी चालतील, असं तिला आतून वाटत होतं. अर्थात मेली असती तरी तिने ते त्याला सांगितलं नसतं.

त्या दुपारी तोकुजीने हाक मारली. "हिसानो, पहिली गाडी सोडतोय. बघायचं तर बघ."

ती नसलेली धूळ झटकावी तशी हात झटकत आली आणि वाकली. स्टेशन होतं. फलाटावरचं घड्याळ होतं, पर्सिमनचं झाड होतं. मुतारीसुद्धा होती, दारासकट. तिची नजर फाटकापाशी गेली. तिथे रुळाचं वळण होतं आणि हिरवी पूड चिकटवलेली टेकडी होती. बस्स.

तोकुजीने बटण फिरवलं. सवयीने तो ताठ झाला, त्याने हात लांब केला, बोट बरोबर त्या वळणावर रोखलं आणि रेल्वेवाल्यांच्या खणखणीत आवाजात पुकारलं, "पुढे अडथळा नाही!"

हिसानोच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थांबवा ती गाडी."

"आता काय झालं?"

"दुकान कुठाय?"

तो गाडीकडेच बघत राहिला. "जागा नव्हती. वळण याहून आवळलं तर डबे घसरतात. दुकान ठेवलं तर गाडी छपराला घासते."

"मुतारीला बरी जागा झाली."

"ती सरळ रुळावर आहे."

"वा. आणि माझे वडील वाकड्यात."

"उगाच शब्दाने शब्द वाढवू नकोस. हे जादा रूळ टाकल्यानंतरचं गाव आहे. तेव्हा दुकान नव्हतंच."

"असं होय? मग तो जादा रूळ दाखवा ना. ज्याच्यासाठी दुकान पाडलंत तो कुठाय?"

तोकुजीने गाडी थांबवली. "त्यालाही जागा नव्हती," तो पुटपुटला.

"छान. म्हणजे दोन्ही वेळा फुकटच पाडलंत."

"मी पाडलं? अगं, सव्वीस वर्षांचा पोरगा होतो मी. वरून हुकूम आला. मी काय करणार होतो?"

"तेव्हा हुकूम होता. मान्य. आणि आज? या कपाटात आज कुणाचा हुकूम होता तुम्हाला?"

तो रुळावरची धूळ पुसू लागला. तिला नेमका याचाच राग होता. भांडायचं तर धड भांडावं, पण हा माणूस पन्नास वर्षं ऐन वेळी असाच गप्प बसत आला होता.

तिने मिठाईचा रिकामा खोका कचऱ्यातून काढला, कात्री घेतली आणि ती चटईवर बसली. "मीच करते. तुम्ही ते वळण काढा, नाहीतर संध्याकाळी माझ्या गाद्या तिथे जातील. थेट गावावर."

कात्री पुठ्ठ्यावर टेकवली आणि तिचा हात अडला. दुकान केवढं होतं? लहानपणी तिला ते प्रचंड वाटायचं. तिने बोटांनी अंदाज घेतला, मोडला, पुन्हा घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते तिने त्याला दिसू दिलं नाही.

"चोवीस मिलिमीटर," तो मागून म्हणाला. "दर्शनी बाजू. खोली अठ्ठेचाळीस. खरं माप तीन मीटर साठ आणि सात मीटर वीस. मागचं न्हाणीघर वेगळं."

समोर कागद नव्हता, वही नव्हती. झोपेतही सांगता येईल अशा सहजतेने तो बोलला.

हिसानो सावकाश वळली. "तुम्ही तर म्हणाला होतात, पाडायच्या आधी मोजायला कचेरीतली माणसं आली होती. तुमची त्या दिवशी स्टेशनात ड्यूटी होती."

"कचेरीतला एकच आला होता. तो लिहून घेत होता. टेप मी धरला होता."

"आणि दुसरं टोक?"

त्याने उभ्या गाडीचा डबा उगाच नीट केला.

"कुणी धरलं होतं?"

"तुझ्या वडिलांनी. मी त्यांना म्हटलं, बाबा, जरा धरा."

हिसानो उठली. तिने कपाटात दोन्ही हात घातले, वळणाच्या खाली बोटं खुपसली आणि ते ओढलं. आठ महिन्यांचा गोंद होता, सहज सुटेना. टेकडी फाटली, गाडी आडवी झाली, तिच्या नखातून रक्त आलं. ती ओढत राहिली. तोकुजी बाजूला उभा होता. त्याने तिला अडवलं नाही.