खिळ्यांच्या फळीची कैफियत

मी एक जुनी खिळ्यांची फळी आहे. हसलात ना? हसा बापडे. पण मित्रांनो, नागपूरच्या एका कॉलेजात मला पाहायला मुलं बाकांवर चढत, हेही ऐकून घ्या.

माझा जन्म लकडगंजचा. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या लतिका मॅडम अडुसष्ट साली रामाजी सुतारांकडे आल्या आणि सागाच्या फळीवर ओळीनं खिळे ठोकून मागू लागल्या. रामाजी वैतागले. "बाई, इतके खिळे कायले? टोप्यांचं दुकान टाकता का?" मॅडमनी हसत समजावलं. वरून सायकलचे छर्रे सोडायचे, प्रत्येक छर्रा खिळ्यांवर आपटत कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाणार आणि खालच्या एखाद्या कप्प्यात पडणार. रामाजींनी मन लावून खिळे ठोकले, वर काच बसवली. पहिल्यांदा छर्रे सोडले तेव्हा मधे उंच ढीग जमला आणि कडांना मोजकेच छर्रे पडले. रामाजी बघतच राहिले. मला तर असा अभिमान वाटला की विचारू नका.

मॅडमची शिकवायची रीत न्यारी होती. सूत्र लिहिण्याआधी त्या मला टेबलावर उभी करत. "अगोदर सांगा, ढीग कसा पडेल. मग पाहा." मुलं तावातावानं भांडत. मग सूत्र आलं की ते त्यांना ओळखीचं वाटे.

त्या वर्गात उमरेडचा विश्वनाथ होता. विणकराचा मुलगा, आकड्यांना भिणारा. एकदा तो धीर करून उभा राहिला. "मॅडम, एक छर्रा कुठी जाईन हे तुम्हाले सांगता येत नाही. मंग ढिगाचं कसं सांगता?" वर्ग खो खो हसला. मॅडमचा चेहरा मात्र उजळला. "हसून काय राहिले? हाच तर आपला विषय! एकट्याचं सांगता येत नाही, पुष्कळांचं सांगता येते." त्या दिवसापासून विश्वनाथ पहिल्या बाकावर बसू लागला. किती गुणी पोर होतं ते!

पुढे गोपाळराव सर विभागाचे प्रमुख झाले. "हा खेळ बंद करा, मॅडम. नोट्स द्या. पोरं पाठ करतील, पास होतील." त्यांनी आमचा तासही अगदी सकाळी नेला. उमरेडची एसटी पोचेपर्यंत अर्धा तास संपलेला असे. माझी रवानगी शिपायांच्या खोलीत झाली. काच काढून कुणीतरी टेबलावर घातली. माझ्या खिळ्यांवर छत्र्या, डबे, पिशव्या लटकू लागल्या. भारानं दाराकडचे खिळे पार वाकले. मेलं माझं नशीब! मला फार रडू येई.

परीक्षेत एसटीनं येणारी मुलं जवळजवळ सगळीच नापास झाली. विश्वनाथही. पुन्हा नापास झालास तर कोळशाच्या खाणीत कामाला लाग, असं बापानं त्याला बजावलं. मॅडमनी तास दुपारी घ्यायची विनंती केली. गोपाळराव म्हणाले, "त्या पोरांना डोकंच नाही." तेव्हा मॅडमनी मला खुंटीवरून काढलं आणि सगळ्या प्राध्यापकांच्या बैठकीत नेलं. घाईत माझे खिळे पाहायचे राहून गेले. काच नव्हती म्हणून मला जरा मागे कलती ठेवून त्यांनी छर्रे सोडले. सगळा ढीग एका कडेला!

"घ्या! मॅडम, तुमची फळीच नापास झाली," गोपाळराव म्हणाले. हशा पिकला. मी शरमेनं अर्धी झाले.

मॅडमनी वाकलेल्या खिळ्यांवर बोट ठेवलं. "छर्रे तेच आहेत, सर. खिळे वाकले म्हणून ढीग कलला. एसटीच्या पोरांचंही तेच होऊन राहिलं. तास तेवढा दुपारी घ्या."

चहा आला. तास होता तिथेच राहिला.

विश्वनाथ पुन्हा नापास झाला. निरोप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "मले समजत होतं, मॅडम. पण मी येईपर्यंत अर्धं शिकवून झालं राहे." तो गेल्यावर मॅडमनी पक्कड आणली आणि माझा एकेक खिळा सरळ केला. त्यांचे डोळे गळत होते.

काही वर्षांनी गोपाळरावांनी पार शहराच्या टोकाला, हुडकेश्वरला घर बांधलं. आता त्यांनाच सकाळी पोचणं जमेना. लगेच विभागाचे सगळे तास दुपारी आले, आमचाही!

मित्रांनो, मला रंग द्या, नवी काच बसवा, असं मी मागत नाही. एकाच बाजूची पोरं सारखी मागं पडताना दिसली, तर त्यांना नावं ठेवू नका. त्यांच्या वाटेतले खिळे तपासा, आणि वेळेवर तपासा. आता माझे खिळे सरळ आहेत, तास दुपारी आहे, उमरेडची पोरं पास होतात. विश्वनाथ खाणीत आहे.