तिसऱ्यांदा विचारल्यावर

हॅल्डाल गावात कुणी कॉफी विचारली, तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की ‘उगाच कशाला त्रास’ म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, अर्धा कप’ म्हणायचं आणि दोन कप प्यायचे. तिसऱ्यांदाही नको म्हणणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं. मिनेसोटातल्या या नॉर्वेजियन मंडळींना हे कुणी शिकवत नाही, ते दुधाबरोबरच पोटात जातं. अर्डिस क्वामचं सारं आयुष्य याच रिवाजात गेलं, आणि म्हातारपणी तोच तिच्या अंगलट आला.

टॅमी नावाच्या मुलीचा पहिला फोन आला, तेव्हा अर्डिसच्या नवऱ्याला, व्हर्लिनला, पुरून महिनाही झाला नव्हता.

“मासिकं घ्या ना अर्डिसबाई. जवळजवळ फुकटच आहेत.”

“नको गं बाई.”

टॅमीने तब्येत विचारली. जेवायला काय केलंत विचारलं. मग पुन्हा मासिकांवर आली.

“अगं, मी एकटी, मला कशाला इतकं वाचायला?”

टॅमीने तिसऱ्यांदा विचारलं. आता माणसाने ताणायचं तरी किती? अर्डिसने चष्मा लावला आणि टॅमीला खात्यातून परस्पर पैसे काढता यावेत म्हणून चेकच्या तळाचे आकडे वाचून दाखवले.

टॅमी पुन्हा पुन्हा फोन करत राहिली आणि मासिकांची रीघ लागली. मासेमारीचं, मोटारसायकलींचं, एक तर लग्न ठरलेल्या मुलींच्या पोशाखांचं! अर्डिस ती चर्चच्या तळघरात कॉफीच्या टेबलावर नेऊन ठेवी. पाद्रीबाबांना मोटारसायकलींची गोडी लागली. आणि ऐन थंडीत अर्डिसचा घर तापवायच्या तेलाचा चेक बँकेतून परत आला.

तेलवाला भला माणूस, त्याने मिनियापोलिसला तिच्या मुलाला, कर्टिसला, कळवलं. कर्टिस तडक आला.

“आई, चेकबुक माझ्याकडे दे. सह्यांचा अधिकार माझ्या नावावर करून टाकू.”

“व्हर्लिनने जन्मात चेकबुकाला हात लावला नाही. अख्खं शेत मी चालवलंय त्यावर.”

“ते तेव्हा. आता तुला कुणीही गुंडाळतं.”

हे अर्डिसला फार लागलं. शेवटी एवढं ठरलं की, तिने आपले पैसे आपण परत मिळवले तर चेकबुक तिच्याकडेच राहील. नाहीतर पुढच्या खेपेला कर्टिस कागद घेऊन येणार.

अर्डिसने ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी ऑफिसात तक्रार केली. आणि खरंच, तिथल्या डेलगाडोबाईंचा फोन आला. बाई नुकत्याच टेक्सासहून बदलून आलेल्या, कामाच्या चोख. “क्वामबाई, ती कंपनी सापडली. तिचे पैसे जप्त झालेत. तुमचे तुम्हाला पाठवून देऊ ना?”

अर्डिसचा जीव भांड्यात पडला. आणि तोंडातून शब्द आले, “अहो, राहू द्या. माझ्यापेक्षा कुणी गरजू असेल.”

एवढं बोलून ती दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत राहिली.

“किती मोठ्या मनाच्या हो तुम्ही!” डेलगाडोबाई गहिवरून म्हणाल्या. “मग तुमची तक्रार मिटवते.” आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या पुन्हा करतील, या आशेवर अर्डिसने कित्येक दिवस फोनजवळ बसून काढले. फोन काही आला नाही. कर्टिस मात्र ठरल्याप्रमाणे कागद घेऊन आला. झालेलं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. तोही हॅल्डालचाच, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

“आई, ती टेक्सासची आहे! तुझं ‘नको’ तिला नकोच वाटणार. आता तूच फोन कर आणि माग.”

“मागू? कुणी विचारलं नसताना?”

“नाहीतर इथे सही कर.”

अर्डिसने कागदाकडे पाहिलं, मग फोनकडे. यापेक्षा पाद्रीबाबांसमोर शिवी देणं सोपं गेलं असतं. तरी तिने नंबर फिरवला. थंडीबद्दल बोलली, बर्फाबद्दल बोलली, डेलगाडोबाईंच्या गाडीची चौकशी केली. कर्टिसने पेनचं टोपण काढलं.

“मला ते पैसे हवेत,” ती एकदम म्हणाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “माझे आहेत ते. मला हवेत.”

“अहो, मग तेव्हाच नाही का सांगायचं!” डेलगाडोबाई हसल्या. “करते तक्रार पुन्हा सुरू. फक्त एक सांगा, ती मासिकं तुम्हाला हवी होती का?”

“एकही नको होतं.”

“मग दर वेळी हो का म्हणालात?”

अर्डिसने फोनची वायर बोटाला गुंडाळली. “ती माझी चौकशी करायची,” ती म्हणाली. “मी बरी आहे म्हटलं, तरी पुन्हा विचारायची.”

चेक निघेल असं सांगून डेलगाडोबाईंनी फोन ठेवला. कर्टिसने कागद दुमडून कोटाच्या खिशात घातले. खूश व्हावं तर त्याला होता येईना.

“आई, दर रविवारी मी फोन करतो. कशी आहेस विचारतो. बरी आहे म्हणतेस. आणि इकडे तेल संपलेलं! मला का नाही सांगितलंस?”

अर्डिस स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसायला लागली.

“तू एकदाच विचारतोस रे,” ती म्हणाली.