कोरड्या बोरचा हुंकार

त्या साली उदगीरात दोनच विषय होते: नळाला पाणी कधी येणार आणि उदगीर जिल्हा कधी होणार. दोन्ही तारखा सारख्या पुढं सरकत होत्या. शिवमूर्तीअप्पांचं मात्र बरं चाललं होतं. त्यांचं दुकान बोरच्या मोटारी आणि पाइपांचं. पाणी जितकं खोल पळेल तितका पाइप खपायचा. किती खाली जाऊ म्हणून विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा एकच सांगायचे, "अजून शंभर फूट जाऊ दे." एवढा पाइप खपला की कंपनीनं खूश होऊन दुकानदारांची सहल काढली. कुठं, तर गुलमर्गला. बर्फावर घसरायला.

"दुष्काळानं बर्फ दाखवला बघा," त्यांची बायको शिवकांता म्हणाली. अप्पांनी ऐकलंच नाही असं केलं.

सहल ठरली त्याच सुमारास स्वतःच्या अंगणातला बोरही त्यांनी असाच शंभर-शंभर करत खाली नेला होता. पाणी लागलं नाही, नुसता पांढरा भुकटा उडाला. बेलाचं झाड, दोरीवरची लुगडी, ओसरीत बसलेली त्यांची आई गुरम्मा, सगळं पांढरंफेक. म्हातारी डोळे मिचकावत म्हणाली, "शिवमूर्ती, बर्फ बघाया तिकडं कशाला जातूस? मलाच बघ की."

तेव्हापासून बोरच्या तोंडावर एक फरशी टाकलेली होती. पण कधीमधी तिच्या फटीतून गार वारा यायचा, आणि झोपेत माणसानं कण्हावं तसा हुंकार. हूंऽऽ. खाली पोकळी लागली असंल, हवेचा दाब पडला की आतली हवा भाईर येती, असं बोर पाडणारा रिगवाला सांगून गेला होता. शिवकांताला ते पटलं. भीती मात्र होती तेवढीच राहिली.

स्वेटर किती बांधायचे ते कळावं म्हणून तिनं मोबाइलवर गुलमर्गचं हवामान लावलं आणि त्यातच गुंतली. आज किती बर्फ पडणार हे अर्धंच, तो कशावर पडणार ते खरं, हे तिला हळूहळू उमगलं. त्या हिवाळ्यात तिकडंही बरेच दिवस बर्फ नव्हता. कोरड्या थंडीत जुना बर्फ साखरेसारखा रवाळ होतो, दाणा दाण्याला धरत नाही. त्यावर नवा जड थर बसला की उतार फसवा. वाऱ्यानं ज्या अंगाला ढीग लावला, ते अंग जास्तच धोक्याचं. आणि वाईट दिवस बर्फ पडण्याचा नव्हे, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा: लख्ख ऊन, निळं आभाळ, माणसाला भुलवणारं. उतार सुटण्याआधी, म्हणजे त्यावरचा बर्फ एकदम खाली कोसळण्याआधी, कधी कधी पायाखालून आवाज येतो, खोल, पोटातून आल्यासारखा. एवढं वाचून तिनं मोबाइल पालथा ठेवला.

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधताना तिनं नवऱ्याला हे सांगितलं.

"इथं बसून काश्मीरचं पंचांग सांगून राहिलीस?" अप्पा हसले. "लातूरचा पाइपवाला महादेवप्पा येऊन राहिलाय लाडवाचे डबे घेऊन. त्यानं काय वाचलंय?"

"त्यांनी लाडूच वाचले असतील."

मंडळी गेली. पहिल्या दिवशी अप्पांचा भाड्याच्या कोटात धपकन पडतानाचा व्हिडिओ आला. गुरम्मानं तो पुन्हा पुन्हा बघितला. मग मोबाइलवरच्या बर्फाच्या निळ्या पट्ट्या चढत गेल्या. ज्या दुपारी पट्टी सगळ्यात उंच झाली, त्या दुपारी बोर हुंकारला. उदगीरात कोरडं ऊन, पान हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिकडं बर्फ कोसळत होता, माणसं हॉटेलात पत्ते कुटत होती, आणि इकडं बोर थांबायचं नाव घेईना.

"कुणाला तरी बोलवून राहिलाय ह्यो," गुरम्मा म्हणाली आणि तिनं ताट घेऊन आत जाऊन जेवण केलं.

त्याच्या पुढच्या सकाळी मोबाइलवर सूर्य आला. बोर गप्प झाला. शिवकांता अंगण झाडत होती. एक वाळकं बेलपान फरशीपाशी सरकलं, फटीत ओढलं गेलं, दिसेनासं झालं. बोर आत श्वास घेत होता.

तिनं झाडू टाकून फोन लावला.

"अगं, काय ऊन पडलंय!" अप्पा धापा टाकत होते. "बर्फावर हद्दीची लाल फीत बांधलीय, तिच्या अलीकडं लेकरांचा खेळ हाय. मी अन् महादेवप्पा पलीकडून वर चाललोय. गाइड न्हाई आला, भित्रा हाय."

"अवो, मागं या! उतार केवढा हाय?"

"आपल्या दुकानाच्या जिन्याएवढा असंल."

जिन्याएवढा. नेमका तसलाच उतार सुटतो, हे तिनं वाचलं होतं.

"घाबरू नको. अजून शंभर फूट, की फिरलोच."

तिनं दोन्ही हातांनी फरशी ढकलली आणि मोबाइल बोरच्या तोंडाशी धरला.

"ऐका."

आधी काहीच नाही. मग खालून, फार खालून, हूंऽऽ.

पलीकडून अप्पांचा आवाज आला, एकदम लहान झालेला. "शिवकांता, ह्यो आवाज तिकडून आला का?"

"हाव. बोरचा हाय."

"मला पायाखालून आला."

"फिरा! महादेवप्पांनाबी फिरवा. आल्या पावलांनी या, एकमेकांपासून लांब चाला."

फोन तुटला.

ती तिथंच बसून राहिली. गुरम्मा येऊन शेजारी टेकली, तिनं सुनेचा पदर मुठीत धरला. बोरनं एक मोठा उसासा टाकला आणि तोंडातून थोडा पांढरा भुकटा वर आला. शिवकांताच्या तळहातावर तो बसला. गार होता. बघता बघता त्याचं पाणी झालं. त्या बोरला लागलेलं पाणी तेवढंच.

मग फोन वाजला. "फितीच्या आत आलोय," अप्पा म्हणाले. "आमची पावलं जिथं थांबली व्हती ना, तिथपतूर सगळा बर्फ खाली गेला. महादेवप्पाचा लाडवाचा डबाबी."

"डबा जाऊ द्या," ती म्हणाली आणि रडायला लागली.

अप्पा घरी आले, दुकानात बसू लागले. एका सकाळी देवणीकडचा एक शेतकरी आला. "अप्पा, खडकच लागून राहिलाय. अजून शंभर फूट जाऊ का?"

अप्पांनी पाइपाकडं गेलेला हात मागं घेतला. "थांब," ते म्हणाले, "घरात इचारून सांगतो."

शिवकांता दुकानाच्या मागच्या, अंगणाकडच्या दारात उभी होती. अंगणात बोर गप्प होता. कान देऊन ऐकत असावा, तसा.