शनिवारी ऐकवलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे आणि मला माझ्या पहिल्या मालकाची किळस येते. असं बोलू नये, कळतं मला. पण गोड बोलायची हौस आता उरली नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी साधीच होते. सूर लावायच्या खुंट्या हलक्या, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी प्लॅस्टिकची. मालकाने कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांकडून मला भारी खुंट्या आणि हाडाची पट्टी बसवून घेतली. माझा आवाज असा भरून आला, की शेजारी खिडक्या उघडून ऐकायचे! पुढे त्याची हौस फिटली. मी कपाटावर धूळ खात पडले आणि शेवटी मला विकायचं ठरलं.

शनिवारी बेकरीत काम करणारी एक मुलगी आली. पीठ मळून दणकट झालेली बोटं, पण तारांवर किती अलगद! वाजवता वाजवता तिचा चेहरा उजळला. "हीच घेते. उद्या येते न्यायला."

ती जिना उतरते न उतरते तोच मालकाने स्क्रूड्रायव्हर काढला. चांगल्या खुंट्या उपसल्या, डब्यातल्या जुन्या गंजक्या बसवल्या. हाडाची पट्टीही गेली. उघडी पडलेली भोकं त्याने टूथपेस्टने बुजवली, वर बुटाचं पॉलिश फासलं. शी! काय तो वास!

त्याची ताई दारातून बघत होती. "काढायचं होतं तर ती यायच्या आधी काढायचंस. ऐकवलंस एक, देतोयस दुसरंच."

"तिला काय कळतंय, ताई? शिकाऊ तर आहे."

"म्हणूनच जास्त लाज वाटायला हवी." ताई आत निघून गेली.

रविवारी त्याने मला पिशवीत बंद करूनच तिच्या हाती दिलं. वर हसून म्हणतो कसा, "जपून हं!"

तिच्या घरी खुंट्या घसरू लागल्या. ती सूर लावायची, दोन मिनिटांत तो उतरायचा. बिचारीला वाटलं, आपलाच हात वाईट. दोन महिने ती स्वतःलाच दूषणं देत राहिली. गिटार सोडायच्या बेतात होती, तेव्हा मैत्रिणीने तिला दुरुस्तीवाल्या काकांकडे धाडलं.

काकांनी नखाने पॉलिश खरवडलं आणि तोंड वाकडं केलं. "अगं, तुझा हात छान आहे. हिचे चांगले भाग मीच बसवले होते. ते काढून तुला फसवलंय." त्यांनी तिथूनच मालकाला फोन लावला.

"विकताना आपण बसवलेले भाग सगळेच जण काढून घेतात, काका."

"घेतात ना. पण सांगून घेतात!"

फोन बंद झाला. भाग काही परत आले नाहीत. काकांनी मला साध्याच, पण घट्ट बसणाऱ्या खुंट्या लावल्या.

मित्रांनो, तुमची वस्तू विकताना त्यातलं हवं ते खुशाल काढून ठेवा. पण आधी काढा आणि तोंडाने सांगा. आता माझा सूर टिकतो. तरी एखादी तार बेसूर वाजली, की ती मुलगी आधी स्वतःच्या बोटांकडे बघते.